वैऱ्याचा दगड

एका राज्यात विस्तव आपोआप पेटत नसे. गारगोटीवर गारगोटी आपटली तर ठिणगी उडे, पण कापूस धरत नसे. लाकडावर लाकूड घासले तर धूर निघे, पण ज्वाळ येत नसे. फार पूर्वी पहिल्या मांत्रिकिणीने विस्तव आकाशाकडून मागून आणला होता. तेव्हापासून तो चुलीतून चुलीत, घरातून घरात, गोवरीवर बसून हिंडत आला होता. एखाद्या घरची चूल विझली की त्या घरचे माणूस सकाळी गोवरी घेऊन शेजारच्या उंबरठ्याशी उभे राही आणि म्हणे, "विस्तव द्या." त्याचे नियम तीनच. मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. ज्याची स्वतःची चूल असेल त्यानेच मागायचे. आणि देणाऱ्याने राखेखालचा शेवटचा निखारा कधी द्यायचा नाही.

त्या राज्याचा राजा सिंहध्वज. त्याचा गड उंच, गडाला सातशे पायऱ्या. एके वर्षी राजाने प्रजेवरच्या मायेने दवंडी पिटवली, की चुलीचा तिसरा दगड मागायला यापुढे कुणी कुणाच्या दारी जाऊ नये. राजाच्या खाणीतला घडीव दगड न्यावा, वर राजाचा शिक्का असेल, मोल काही नाही. तो तिसरा दगड मागायला जाणे कुणालाच आवडत नसे. लोक खूश झाले. त्यांनी जुने तिसरे दगड उपटून ओढ्यात टाकले आणि शिक्क्याचे दगड बसवले.

त्याच वर्षी विस्तव गल्लीत विझू लागला. शेजारणीने दिलेला निखारा उंबरठा ओलांडेपर्यंत लाल असे, आणि गल्लीच्या मध्यावर काळा पडे. कुणी म्हणाले शाप आहे. कुणाचा, ते कुणी विचारले नाही. जगे फक्त गडावरचा विस्तव. राजमांत्रिक भस्मकेतू तो मंत्रून देई, आणि तो आठ दिवस टिके. एका निखाऱ्यासाठी एक दिवसाची वेठ. डोक्यावर दगड, पायाखाली सातशे पायऱ्या. राजा एक बुरूज बांधत होता. तो कशासाठी, हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

गडाच्या पायथ्याशी हिवरखोरे नावाचे गाव होते. तिथे वेणा नावाची बाई घोंगड्या विणी. तिला एकच मुलगी, रोचना. त्याच वर्षी ती नऊ वर्षांची झाली, आणि वेणाने तिला सात नद्यांपलीकडच्या अग्निशाळेत धाडले. "विस्तव शिकून ये," एवढेच ती म्हणाली.

रोचना बारा वर्षे शिकली. तिथे जेवण ताटात आपोआप येई, म्हणून चूल तिथे कुणी पाहिली नव्हती. बारा वर्षांनी ती परतली तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांत विस्तव होता. तळवा उघडला की ज्वाळ उभी राही, मिटला की निजे.

गावात पाऊल टाकताच तिने वेठीची रांग पाहिली. म्हातारी माणसे, गर्भार बाया, सगळ्यांच्या डोक्यावर दगड. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ती घरोघर गेली आणि चुलीत तळवा धरून विस्तव पेटवीत गेली. तिचा विस्तव आठ दिवसांनी विझत नसे. चार महिन्यांत चाळीस गावे पेटली. तिने कुणाकडून पसाभर दाणेही घेतले नाहीत. पण प्रत्येक चावडीवर उभी राहून ती बोले, आणि ते बोलणे गोड नसे. बारा वर्षे तुम्ही दगड वाहिलेत, असे ती म्हणे, आणि एकाही माणसाने का म्हणून विचारले नाही. तुमच्या माना वाहून वाहून वाकल्या की आधीपासूनच वाकलेल्या होत्या? लोक मान डोलावत आणि गरम भाकरी मोडत.

वेठीची रांग मोडली. बुरूज अर्ध्यावर थांबला.

रोचना स्वतः कुठेही जेवे, कुठेही निजे. आईच्या घरी आली तर तळव्यावर पाणी तापवी आणि म्हणे, तुझ्या त्या धुरकट चुलीची आता गरज नाही. वेणा काही बोलत नसे. बोले ती शेजारची धुरपदा. धुरपदेच्या जिभेला गाव भीत असे.

"पोरी, एक चूल मांड," धुरपदा म्हणाली. "आज हात आहे, उद्या नसला तर?"

"काकू, मी बारा वर्षं शिकले ती चूल फुंकायला नाही."

"मग काय खायला शिकलीस? वारा?"

रोचना हसली. चूल म्हणजे बाईला बांधायची खुंटी, असे तिचे मत होते, आणि ते ती सगळ्यांना ऐकवी.

एके सकाळी वेणाच्या उंबरठ्याशी एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर साधे घोंगडे, पाय अनवाणी, हातात गोवरी. तो राजमांत्रिक भस्मकेतू होता. त्याने ते लपवले नाही. गाव गोळा झाले.

"रोचने, विस्तव दे," तो म्हणाला.

मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. आणि रोचनेला नाही म्हणायचेही नव्हते. गड खाली उतरून मागायला आला होता, तोही सगळ्यांसमोर! तिची छाती फुलली.

"घ्या," ती म्हणाली.

"चुलीतला दे."

"माझी चूल नाही. मला चूल लागत नाही. हातातला घ्या."

"सगळ्यांनी ऐकले," भस्मकेतू म्हणाला, आणि त्याने गोवरी पुढे केली.

रोचनेने तळवा गोवरीवर ठेवला. चुलीतून विस्तव दिला तर शेवटचा निखारा राखेखाली उरतो. तळव्यात राख नसते. तिच्या बोटांतून विस्तव उतरला, मग मनगटातून, मग कोपरातून, मग छातीतून. तिने हात मागे घेतला तेव्हा घ्यायला काही उरले नव्हते. भस्मकेतूने वाकून नमस्कार केला, घोंगड्याचा पदर गोवरीवर ओढला आणि तो गडाची वाट चालू लागला.

त्याच क्षणी चाळीस गावांतल्या, तिच्या तळव्यावर जगणाऱ्या चुली विझल्या. तव्यावरच्या भाकऱ्या एका बाजूने कच्च्या राहिल्या.

दुपारपर्यंत लोकांनी चुंबळी शोधून काढल्या. राजाने वेठ दुप्पट केली. एका निखाऱ्याला दोन दिवस. त्याच दिवशी धुरपदेचा मुलगा रखमाजी दोनशेव्या पायरीवर घसरला आणि त्याच्याच डोक्यावरचा दगड त्याच्या पायावर पडला. त्याला खाटेवर घालून घरी आणले. रोचना पाहायला गेली, तेव्हा धुरपदेने तिच्या तोंडावर दार लावले. वाटेत लोक एकमेकांना ऐकू जाईल असे म्हणाले, की मांत्रिकीण आली, चार महिने ऊब दिली, आणि आधीपेक्षा गार करून ठेवले.

रोचना सातशे पायऱ्या चढून दरबारात गेली. भस्मकेतूशेजारी एक सोन्याची शेगडी होती. तिच्यात रोचनेचा विस्तव जळत होता. तिने तो ओळखला, जसे आईने गर्दीत मूल ओळखावे.

"माझा विस्तव परत द्या," ती म्हणाली.

"तू आपल्या हाताने दिलास," राजा सिंहध्वज म्हणाला. "इथे चोरी झाली नाही."

"मग मी मागते. ज्याने विस्तव नेला तोही नाही म्हणू शकत नाही."

"खरे आहे," भस्मकेतू म्हणाला. "तुझी चूल कुठे आहे?"

दरबार हसला. भाट हसले, चवऱ्या ढाळणारे हसले, दारातला भालदारही हसला. रोचना तशीच पायऱ्या उतरली. पायथ्याशी वेशीच्या बाहेर तिने रागारागाने तीन धोंडे गोळा केले, एकमेकांशी टेकवले, आणि वर ओरडून सांगितले, की ही चूल. भस्मकेतू खाली आला. त्याने पाहिले, आणि पायाच्या अंगठ्याने एक धोंडा लोटला.

"हे तीन दगड आहेत," तो म्हणाला. "चूल नव्हे."

तो गेला. रोचना तिथेच बसून राहिली. अर्धवट बुरुजाच्या परांचीवरून एक भारद्वाज खाली उतरून तिच्याजवळच्या धोंड्यावर बसला. तांब्याचे पंख, लाल डोळे, वय तीनशे वर्षे. तो माणसाची भाषा बोले, पण माणसे त्याला बोलू देत नसत, कारण तो खरे बोले.

"एवढी शिकलीस," भारद्वाज म्हणाला, "आणि चुलीला दगड कुणाचे लागतात ते नाही शिकवले?"

"सांगायचे तर सांग. टोचायचे तर उडून जा."

"दोन्ही करतो. एक आईचा, एक शेजाऱ्याचा, एक वैऱ्याचा. तिघांनी आपल्या हाताने दिलेले. उचललेला चालत नाही, हिसकावलेला चालत नाही."

मग त्याने तिला सगळे सांगितले. पूर्वी नवी चूल मांडणारा वैऱ्याच्या दारी जाऊन दगड मागे. त्याने भांडण मिटत नसे. पण तुझ्या वैऱ्याचा दगड तुझ्या चुलीत आणि तुझा त्याच्या, अशी सारी गावे एकमेकांत अडकलेली असत, आणि त्या वाटेने विस्तव गल्ली ओलांडे. राजाने तिसरा दगड खाणीतला केला आणि ती वाट बुजली. शाप म्हणतात तो एवढाच. तो कुणी घातला नाही. लोकांनी तो घरी नेला, स्वतःच्या डोक्यावरून.

"राजाने असे का केले?" रोचनेने विचारले.

राजाचा एक भाऊ होता, भारद्वाज म्हणाला. दोघांचे वैर. राजाने नवा महाल बांधला तेव्हा मुदपाकखान्याच्या चुलीसाठी भावाकडे दगड मागायला जायचे होते. तीनदा तो भावाच्या दारापर्यंत गेला. तीनदा कडीला हात न लावता परत फिरला. चौथ्या दिवशी दवंडी पिटली. भाऊ पुढे मेला. राजाचे हे दारापर्यंत जाणे कुणी पाहिले नाही, एका भारद्वाजाखेरीज.

रोचना उठली. तिला राजाचा राग आला, लोकांचा आला, पक्ष्याचाही आला. सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, आणि तो गिळायला सगळ्यांत कडू होता. बारा वर्षे विचारले नाही म्हणून ज्यांना तिने चावडीवर उभे केले, त्यांच्या चुलीकडे तिने स्वतः एकदाही वाकून पाहिले नव्हते.

पहिला दगड आईचा. वेणा मागाशी बसली होती. रोचनेने दगड मागितला. वेणाने धोटा थांबवला नाही.

"बारा वर्षं तुझ्या वाट्याची भाकरी रोज वेगळी काढली," वेणा म्हणाली. "कुत्र्याला घातली, पण काढली. तू आलीस आणि गावभर जेवलीस. आधी बस. जेव."

"आई, चूल गार आहे."

"ठाऊक आहे. कुणामुळे तेही ठाऊक आहे. बस."

वेणाने जोंधळ्याचे पीठ थंड पाण्यात कालवले आणि वर मीठ टाकून पुढे ठेवले. रोचना ते कच्चे पीठ खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत खात राहिली. घशाला पीठ चिकटले तरी तिने पाणी मागितले नाही. वेणा उठली. आपल्या चुलीचा डावीकडचा दगड तिने हलवून हलवून सोडवला. तो तिच्या आईकडून आलेला, काजळीने डांबरासारखा झालेला. त्यानंतर वेणाची चूल दोन दगडांवर लंगडी उभी राहिली.

दुसरा दगड शेजाऱ्याचा. धुरपदेने दार उघडले, कारण दगड मागायला आलेल्याला निदान ऐकून घ्यावे लागे. रोचनेने हात जोडले आणि चूक झाली म्हणाली.

"चूक मला नको," धुरपदा म्हणाली. "माझ्या लेकाचे वेठीचे सहा दिवस राहिलेत. ते न भरले तर शिपाई घर उकरतील. ते तू भर."

"भरते."

"आणि बोलत बोलत भरू नकोस. गप्प भर."

सहा दिवस रोचनेने दगड वाहिले. पहिल्या दिवशी तिची मान आखडली. दुसऱ्या दिवशी टाचा फुटल्या. तिसऱ्या दिवशी तिला कळले, की वेठीतली माणसे का बोलत नाहीत. बोलण्यापुरता दम दोनशेव्या पायरीवरच संपतो. चावडीवर आपण काय काय बोललो ते तिला आठवले, आणि दगडाखाली तिचा चेहरा लाल झाला. चौथ्या दिवशी तिच्या पुढची म्हातारी थांबली तेव्हा तिने आपला दगड न उतरवता तिचाही घेतला. कुणी शाबास म्हणाले नाही. सहाव्या संध्याकाळी ती धुरपदेच्या दारात आली. धुरपदेने तिच्या टाचा पाहिल्या, दगड तिच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, "तेल लाव पायांना. आता तिसरा कुठून आणशील?"

तिसरा दगड वैऱ्याचा. वैरी कोण, यावर रोचनेला फार विचार करावा लागला नाही. भस्मकेतूने तिला लुबाडले होते, पण तो राजाचा हात होता. हाताचे डोके वर बसले होते.

सकाळी ती गडाच्या पायथ्याच्या दरवाजासमोर उभी राहिली. वेठीची रांग तिच्या दोन्ही बाजूंनी आत जात होती. दरवाजावर सज्जा, सज्जात राजा, बाजूला बुरुजासाठी आणलेल्या दगडांची सज्जाला टेकलेली रास.

"महाराज, मला एक दगड द्या," रोचना म्हणाली. "चुलीसाठी. वैऱ्याचा म्हणून."

राजा धूर्त होता. त्याने हसून सांगितले, की आमचे कुणाशी वैर नाही, प्रजा आम्हाला लेकरासारखी. मग त्याने तिला लाडू पाठवले. रोचनेने ते वेठीच्या लोकांत वाटून टाकले. मग तिला मारण्यासाठी नव्हे तर हटवण्यासाठी शिपाई आले. ती त्यांच्या पायांशी आडवी पडली, आणि रांगेतली माणसे तिला ओलांडेनात, म्हणून वेठ खोळंबली. राजा पुन्हा सज्जात आला.

तेव्हा ती बोलली. वेठीत कोण किती मेले ते तिने नावांनिशी सांगितले. राजाने कान खाजवला. बुरूज कधी पुरा होणार नाही, पाया वाकडा आहे, असे तिने सांगितले. राजा हसला. मग ती थांबली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि म्हणून सगळ्यांनी कान दिले.

"महाराज, तुमच्या भावाच्या दाराला पितळी कडी होती," ती म्हणाली. "तीनदा तुम्ही तिच्यापुढे उभे राहिलात. तीनदा परत फिरलात. एका माणसाला एक दगड मागायची तुमची छाती झाली नाही, म्हणून बारा वर्षं चाळीस गावं गार आहेत. तुम्ही क्रूरसुद्धा नाही. तुम्ही नुसते भित्रे आहात."

राजाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग जांभळा. त्याचा हात राशीकडे गेला, आणि राजा सिंहध्वजाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक दगड उचलला.

तो रोचनेच्या कपाळाला लागला. ती खाली बसली. रक्त भुवईवरून डोळ्यात आले. मग ती हसायला लागली, आणि ते हसणे ऐकून शिपाई मागे सरले. तिने दगड उचलला, पदराने पुसला आणि वर धरून दाखवला.

"मिळाला," ती म्हणाली.

दरवाजाच्या उजवीकडे, पहिल्या पायरीशेजारी, तिने तीन दगड मांडले. वेणा जुनी राख ओटीत घालून आली. धुरपदेने गोवरी आणली. रोचना गोवरी घेऊन, कपाळावर रक्त वाळत असताना, सातशे पायऱ्या चढून भस्मकेतूच्या उंबरठ्याशी उभी राहिली.

"राजमांत्रिक, विस्तव द्या."

"तुझी चूल कुठे आहे?"

"दरवाजाशी."

"तिसरा दगड कुणाचा?"

"तुमच्या महाराजांनी दिला. सकाळी, सगळ्यांसमोर."

भस्मकेतूला नाही म्हणता येईना. पण किती द्यायचा याचा नियम नव्हता. त्याने सोन्याची शेगडी ढवळली, चिमट्याने तिळाएवढी एक ठिणगी शोधली आणि गोवरीच्या कडेवर ठेवली. रोचनेने भांडण केले नाही. तिळाएवढा विस्तव ओंजळीने झाकून ती पायऱ्या उतरू लागली. सगळी वेठ श्वास धरून बघत होती. पायऱ्यांच्या मध्यावर ठिणगी लाल होती. चुलीशी आली तेव्हाही लाल होती.

तिला फुंकता येईना. धूर डोळ्यांत गेला, राख तोंडावर उडाली.

"समोरून नको, बाजूने फुंक," धुरपदा म्हणाली. "आणि गाल फुगवू नकोस, शंख नाही तो."

चूल पेटली. रोचनेने घाईने तळवा ज्वाळेवर धरला. तळवा भाजला. विस्तव आत आला नाही. तिने डोळे पुसले. लोकांना वाटले, धूर आहे.

लोक गोवऱ्या घेऊन धावले. रोचनेने सगळ्यांना सांगितले, की मी नाही म्हणणार नाही, पण शिक्क्याच्या दगडावर तुमचा विस्तव गल्लीतच मरेल. आधी तो उपटा आणि वैऱ्याच्या दारी जा. लोक नाराज झाले. दगड वाहणे त्यांना याहून सोपे वाटले. पण घरात लेकरे कुडकुडत होती.

मग त्या राज्यात आठ दिवस जे झाले ते पूर्वी कधी झाले नव्हते. एका रेड्यावरून वीस वर्षे न बोलणारे दोन भाऊ एकाच वेळी एकमेकांकडे निघाले आणि वाटेत भेटून, पहिला दगड कुणी मागायचा यावरून पुन्हा भांडले; दगड मात्र दोघांनाही मिळाले. एका सुनेची वैरीण तिच्याच घरात होती. तिने सासूकडे दगड मागितला आणि सासूने तो अशा जोमाने दिला की माठ फुटला. एक फार सज्जन माणूस होता, त्याला वैरीच नव्हता. तो तीन दिवस लोकांना शिव्या देत हिंडला तेव्हा कुठे एकाने त्याच्या पाठीत दगड घातला. भांडणे मिटली नाहीत. पण एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात विस्तव निघाला, गल्ली ओलांडली, वेस ओलांडली, आणि चाळीस गावे पेटली.

वेठीला कुणी आले नाही. गडावर लाकडेही वेठीनेच येत. नवव्या दिवशी सोन्याच्या शेगडीतला विस्तव भुकेने मेला. भस्मकेतूने तीन रात्री मंत्र म्हटले, चौथ्या दिवशी तो चोरवाटेने गड उतरला आणि सीमेपलीकडे गेला.

राजा सिंहध्वज सातशे पायऱ्या पायी उतरला. हातात गोवरी होती. ती कशी धरतात हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

"रोचने, विस्तव दे," तो म्हणाला. "झाले ते विसरून जाऊ."

"विस्तवाला नाही म्हणत नाही, महाराज. विसरणं मात्र मागू नका. तुमची चूल कुठे आहे?"

"गडावर बारा चुली आहेत."

"तिसरा दगड कुणाचा?"

बाराही चुलींवर राजाचाच शिक्का होता. लोक गोळा झाले होते.

"तुमचा वैरी कोण?" रोचनेने विचारले.

राजाने तिच्या कपाळावरची खूण पाहिली.

"तू," तो म्हणाला.

"आता खरं बोललात. मागा."

"मला एक दगड दे."

दगड केवढा असावा याचा नियम नव्हता. रोचना वेठीच्या राशीकडे गेली. धुरपदा न बोलावता उठून तिच्याजवळ गेली. दोघींनी शोधून शोधून एक घडीव चिरा निवडला आणि दोन्ही बाजूंनी उचलून आणला.

"अंगावर भिरकावू की हातात देऊ?" रोचना म्हणाली. "दोन्ही चालतं."

"हातात दे."

तिने दिला. देताना वेठीत मेलेल्यांची नावे तिच्या ओठांवर होती, आणि तिचा राग डोक्यातून खांद्यांत, खांद्यांतून हातांत, हातांतून तळव्यांत उतरला. राजाने दगड घेतला आणि कळवळला. दगड गरम होता. त्यावर दोन पंजांचे ठसे लालभडक उमटले होते. रोचनेने तळवे उलटून पाहिले. दोन्ही तळव्यांत ज्वाळ उभी होती.

राजाने दगड टाकला नाही. टाकला असता तर चूल नाही, आणि चूल नाही तर विस्तव नाही. त्याने उपरणे काढले, त्याची चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि तो पायऱ्या चढू लागला. कुणी हसले नाही. लोक नुसते बघत होते, जसे त्यांना बारा वर्षे कुणी बघितले नव्हते.

आपण घसरलो ती पायरी पाहायला आलेला रखमाजी दोनशेव्या पायरीवर बसला होता. पाय बांधलेला, बाजूला काठी. राजाने दगड पायरीवर टेकवला. पुन्हा उचलू गेला, उचलेना.

"जरा हात लाव," राजा म्हणाला.

रखमाजीने राजाकडे पाहिले, मग दगडाकडे पाहिले.

"विस्तवाला नाही म्हणायचं नसतं, महाराज," तो म्हणाला. "दगडाला म्हणता येतं."

राजा पुन्हा वाकला. मग त्याने दोन्ही हात दगडाखाली घातले. वर अजून पाचशे पायऱ्या होत्या.